ताटावरून उठलेला नाना

उन्हाळा तापला की आमच्या पुण्याच्या सोसायटीतली शहाणी माणसं थंड हवेच्या ठिकाणी जातात. यंदा मी लिफ्टमध्ये सहज सांगून गेलो, की आम्ही आखाजीला जळगाव-धुळ्याकडे निघालोय. तिसऱ्या मजल्यावरच्या गृहस्थांनी आवाज खाली आणून विचारलं, "काही गंभीर आहे का?" 'आम्ही' हे मी सवयीनं म्हटलं होतं. बायकोनं खानदेशचं तापमान मोबाइलवर पाहून मला एकट्यालाच जायची परवानगी दिली होती, शिवाय दोन टोप्या दिल्या होत्या.

तसं पाहिलं तर गंभीर होतंच. धुळ्याच्या देवपुरात माझी मोठी बहीण राहते, आमची अक्का. गेल्या वर्षी आखाजी होऊन गेली आणि पावसाळ्याच्या तोंडावर दाजी, म्हणजे अक्काचे यजमान, गेले. त्यांच्या नावानं ही पहिलीच आखाजी. पुण्यात अक्षय्यतृतीयेला लोक सोनं घेतात आणि आमरसाचा फोटो काढतात. आमच्याकडे तोच सण आखाजी म्हणून येतो आणि तो असतो माहेरवाशिणींचा आणि पितरांचा. मुली माहेरी येऊन झोके घेतात, गेलेल्या माणसांसाठी पाण्याची नवी घागर भरतात आणि मुख्य म्हणजे गेलेल्याच्या नावानं एका जिवंत माणसाला पाटावर बसवून पोटभर जेवू घालतात. याला पितर बसणं म्हणतात. पाटावर असेपर्यंत तो माणूस स्वतः नसतोच. गेलेलाच घरी जेवायला आलाय, असं सगळं घर धरून चालतं. "उद्या मी पाटलांकडे पितर आहे," असं आमच्याकडे माणसं चहा पिता पिता सांगतात आणि ऐकणाऱ्याला त्यात काही वावगं वाटत नाही.

तर अक्काचा फोन आला. जन्म तिचा माझ्यासारखाच मुक्ताईनगरकडचा, पण धुळ्यात संसार करून ती आता पक्की अहिराणी बोलते.

"शरद, यंदा ह्यासना पितर नानाच बसाले पाहिजे," ती म्हणाली. "दुसरा कोनी मी बसाडाव नई."

"आणि नाना नाही आला तर?"

"तं मी बी जेवाव नई."

पितर जेवल्याशिवाय घरातलं कुणी जेवत नाही, हा नियमच आहे. पण अक्का एका दिवसाचं बोलत नव्हती, हे मला आवाजावरून कळलं. ती बोलते तसं करते.

आता नाना कोण ते सांगतो. नाना आमच्या गावचा, आमच्या घरासमोरचा. वयानं अक्काच्या बरोबरीचा, म्हणजे माझ्यापेक्षा मोठा. लहानपणी मी त्याच्या मागे मागे हिंडायचो. धुळ्याला कॉलेजात असताना तो आणि दाजी एका खोलीत राहायचे. अक्काचं स्थळ दाजींना सुचवलं ते त्यानंच. पुढची सगळी वर्षं दर हिवाळ्यात नाना हिरवी लांबट वांगी घेऊन देवपुरात जायचा आणि दोघं मिळून भरीत करायचे. आमच्याकडे भरीत ही नुसती भाजी नसते. वांगी कापसाच्या वाळलेल्या काड्यांवर भाजायची, लाकडाच्या काठवटीत ठेचायची, वरून कच्चं तेल आणि कांद्याची पात. यात फेरफार करणाऱ्याकडे लोक संशयानं बघतात.

काही वर्षांपूर्वी एका थंडीत नाना वांगी घेऊन गेला, गाडीच्या टपावर काड्यांचा भारा बांधूनच गेला. दाजींना त्या दिवशी काय सुचलं कोण जाणे. त्यांनी भारा अंगणात टाकला, वांगी स्वयंपाकघरात गॅसवर भाजली आणि ताट वाढून म्हणाले, "सांग आता, काही फरक कळतो का?" नानानं एक घास खाल्ला आणि तो ताटावरून उठला. दारात जाऊन म्हणाला, "या घरात पुन्हा पानी पेनार नाई. पूर्णामाईची शपथ." दाजी म्हणाले, "नको पिऊ."

मग दोघंही वाट बघत बसले, की आधी दुसऱ्यानं फोन करावा. ज्याला हे हास्यास्पद वाटेल त्याला खानदेश कळलेला नाही. भरल्या ताटावरून उठणं म्हणजे आमच्याकडे थोबाडीत मारण्यापेक्षा वाईट. दाजी गेले तेव्हा नाना धुळ्याला आला, खांदा दिला, पण घराच्या फाटकातून आत पाऊल न टाकता परस्पर परत गेला. अक्काच्या मनात ते अर्धं ताट तसंच पडून होतं आणि ते पुरं करून घेण्याचं काम तिनं माझ्या गळ्यात घातलं होतं.

जळगाव, आणि तिथून गावी

नाना मला न्यायला जळगाव स्टेशनवर आला होता. पांढरा पायजमा-शर्ट, टोपी, खांद्यावर टॉवेल. मला नखशिखांत न्याहाळून तो म्हणाला, "वाळला भो तू. पुन्याले खायाले देत नाई का?" मी आरोग्याच्या दृष्टीनं मोजकं खातो, असं सांगितलं. ते ऐकून त्यानं शोक झाल्यासारखी मान हलवली आणि थेट एका हॉटेलात नेऊन माझ्यापुढे शेवभाजी ठेवली. सकाळचे आठ वाजले होते. पुण्यात या वेळी मी ओट्स खातो. रश्शावर बोटभर लाल तर्री होती. एका घासातच माझ्या नाकातोंडातून पाणी वाहायला लागलं. समोर नाना दुसरी वाटी मागवून शांतपणे विचारत होता, "ओट म्हनजे काय असते भो? घोड्याचं?"

जळगाव सोडलं की पुढे रस्त्याच्या दोन्ही अंगांना केळीच्या बागा लागतात. बाहेर सगळं करपलेलं आणि मधेच ही हिरवीगार, पाणी पिऊन तृप्त झालेली शेतं. गावात पोचल्यावर मी मोठ्या हौसेनं केळं मागितलं. घरात एकही केळं नव्हतं. माल कच्चाच कापतात, ट्रकात भरतात आणि तो उत्तरेला जातो; पिकलेलं केळं बघायचं तर आम्हाला पुण्यातच बघावं लागतं. कमलवहिनींनी, म्हणजे नानाच्या बायकोनं, माझ्यासाठी मुद्दाम तालुक्याहून सफरचंदं आणून ठेवली होती. "पाव्हन्याले केळं कसं देनार?" त्या म्हणाल्या. हे म्हणजे कोकणात जाऊन बिस्किटं खाण्यासारखं झालं, पण मी ती निमूट खाल्ली.

दुपारी बैठकीत आडवं झालो आणि विषय काढायचं ठरवलं. नानाच्या घरचा कूलर कपाटाएवढा आहे. तो चालू झाला की बैठकीतलं सगळं संभाषण ओरडून करावं लागतं. शेतीचे भाव ओरडून सांगता येतात, नातवंडांची चौकशी ओरडून करता येते, पण मेलेल्या मित्राचा विषय ओरडून काढता येत नाही. मी दोनदा तोंड उघडलं आणि मिटलं. शेवटी धीर करून उठलो आणि कूलर बंद केला.

"काबरं बंद केला?" नाना.

"जरा बोलायचं होतं."

"बोल."

पण कूलर बंद होताच तापल्या गच्चीखालचा उन्हाळा खोलीत उतरला. मी दाजींच्या नावापर्यंत पोचायच्या आत आम्ही दोघंही घामानं निथळलो आणि नानानं बटण पुन्हा दाबलं. त्या घरात माणसानं एक तर ओरडावं, नाही तर वितळावं. माझ्या मनाचा धीर कितीही असला तरी शरीराचा तेवढा नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनींनी मला कामाला लावलं. गच्चीभर ज्वारीचे बिबडे वाळत घातले होते. बिबडे म्हणजे आमचे मोठाले, तीळ-लसणाचे पापड. कावळे त्यावर टपलेले असतात. मी छत्री घेऊन काठी आपटत कोपऱ्यात बसलो. एकेकाळी माझ्या हाताखाली दहा-बारा माणसं होती, इथं दोन कावळेसुद्धा ऐकेनात. मी एकीकडे गेलो की ते दुसरीकडे उतरत. वहिनी ओले बिबडे थापत हसत होत्या आणि कूलर खाली असल्यानं गच्चीवर बोलता येत होतं.

"वहिनी, अक्कानं मला काय सांगून पाठवलंय, नानाला माहीत आहे का?"

"त्यायले सगळं माहीत हाये. अक्काचा मलेबी फोन आला व्हता." वहिनींनी हात पुसले. "उद्या आखाजी. सोडाले येतात म्हने तुमाले धुळ्याले. दारापर्यंत. पन पिन्याचं पानी घरून भरून नेतात."

"अजून शपथ?"

"ती तं हायेच." त्यांनी हात पुन्हा पिठात घातला. "पन यंदा थंडीत आमच्या घरी भरीत नाई झालं भाऊ. एकदाबी नाई. मी वांगी आनली, त्यायनं गाईपुढं टाकली."

मी काठी आपटायचा थांबलो. आमच्या भागात हिवाळा भरताशिवाय जाणं म्हणजे काय, हे बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. नानानं दाजींचं सुतक तसं पाळलं होतं, कुणाला न सांगता.  तेवढ्यात कावळ्यानं एक अख्खा बिबडा उचलला आणि वहिनींनी माझ्या नोकरीबद्दल शंका काढली.

धुळ्याच्या वाटेवर

आखाजीच्या दिवशी पहाटेच निघालो. मागच्या सीटवर पाण्याचा मोठा जार बसला होता आणि त्याला सीटबेल्ट लावला होता. मला पुढच्या सीटवर बेल्ट नव्हता, तो तुटलेला होता.

"एवढं पाणी?" मी विचारलं.

"दिवसभर गाडीत बसायचं हाये."

"बाटली विकत मिळते नाना."

"पानी विकत घेनारा मानूस मी नाई. तापी अन पूर्णा, दोन नद्यांचं पानी पेलेलो हाये."

गाडीला एसी होता, पण नाना तो लावत नाही. त्याच्या मते एसीनं माणूस कच्चा राहतो. काचा उघड्या ठेवून आम्ही भाजून निघत होतो. जळगाव मागे पडलं, एरंडोलजवळ एका रसवंतीवर थांबलो. नानानं उसाच्या रसाचे दोन मोठे ग्लास रिचवले आणि स्वतःहूनच म्हणाला, "शपथ पान्याची हाये. रसाची नाई." यावरून त्याच्या डोक्यात काय चाललंय ते मला कळलं. मीही संधी साधली.

"नाना, अक्का जेवणार नाही म्हणतेय तुझ्याशिवाय."

 बरंच अंतर गेल्यावर तो म्हणाला, "शरद, तो जिता व्हता तवा मोडायची व्हती शपथ. तवा नाई मोडली. आता कोनासाठी मोडू?"

 

पारोळा सोडल्यावर एका गतिरोधकावर गाडी अशी उडाली, की मी टपाला लागलो आणि मागे धबाक् आवाज झाला. जारचं झाकण सैल होतं. बेल्टनं जार जागेवर धरून ठेवला, पण पाण्याला काही धरलं नाही. सगळं पाणी सीटवरून खाली, माझ्या बॅगेवर, बॅगेतल्या अक्कासाठी घेतलेल्या साडीवर आणि बायकोनं दिलेल्या दोन्ही टोप्यांवर गेलं. नानानं गाडी कडेला घेतली, मागचं दार उघडलं आणि रिकाम्या जारकडे बघत कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

"दाजीनं सांडलं," तो म्हणाला.

मी झाकणाकडे बोट दाखवलं. पण त्याला झाकणाशी काही देणंघेणं नव्हतं. पुढे धुळ्यापर्यंत तो अधूनमधून आरशातून मागच्या सीटकडे बघत होता.

देवपूर

पांझरेच्या पुलावरून देवपुरात शिरलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं आणि नदीत पाणी म्हणून शोधावं लागत होतं. नानानं अक्काच्या घरासमोर, रस्त्याच्या पलीकडच्या लिंबाखाली गाडी लावली आणि स्टीअरिंगवर हात ठेवून बसून राहिला. "जाय तू," तो म्हणाला. "मी आठीच हाये."

अंगणात चूल मांडली होती, चुलीवर खापर पालथं घातलेलं. अक्काची सून मनीषा मांडे करत होती. मांडा म्हणजे आमची खापरावरची पुरणपोळी. ती पोळपाटावर लाटत नाहीत. पुरण भरलेला गोळा हातांवर झेलत झेलत कोपरापर्यंत पसरवतात आणि अलगद तापल्या खापरावर टाकतात. मनीषा शाळेत गणित शिकवते, पण त्या दिवशी दोन्ही हातांवर तो पातळ मांडा खेळवताना तिच्या चेहऱ्यावर असा भाव होता, की मी जवळून जातानाही श्वास धरला.

अक्का माजघरात घागरीपाशी बसली होती. नवी घागर पाण्यानं भरलेली, वर खरबूज, आंबे. अक्का पार बारीक झाली होती. मी पाया पडलो.

"उना का?" तिनं विचारलं. माझी विचारपूस नाही, काही नाही.

"आलाय. गाडीत बसलाय."

"बसू दे. तापू दे जरासा."

मग दाजींच्या मुलानं, योगेशनं, विस्तवावर तूप-घास टाकून आगारी दिली. पाट मांडला, ताट वाढलं: मांडे, आमरस, कटाची रशी, भजी, कुरडई. पाट रिकामा. घरात सगळे भुकेले आणि सगळे माझ्याकडे बघत होते. मी टॉवेल डोक्यावर घेऊन लिंबाखाली गेलो.

नानाचा शर्ट पाठीला चिकटला होता, ओठ सुकले होते. मी म्हटलं, "ताट वाढलंय." तो म्हणाला, "दुसरा बसव." मी घरात आलो. अक्का म्हणाली, "दुसरा बसनार नई." मी पुन्हा गाडीकडे गेलो. तो म्हणाला, "मंग मी काय करू?" मी पुन्हा घरात आलो. दोघांच्या मधला रस्ता गाडीरस्ताही नव्हता, गल्लीच होती. पण तिच्यावर डांबर वितळत होतं आणि तिसऱ्या फेरीला माझी एक चप्पल त्यात चिकटून राहिली. ती काढायला मी वाकलो तेव्हा अक्का फाटकाबाहेर आली.

तिच्या हातात पाण्याचा तांब्या होता. ती थेट गाडीपाशी गेली. आतल्या नानाकडे अशी बघू लागली, की मी माझी चप्पलच विसरलो.

"अक्का, मी शपथ घेतली व्हती," नाना म्हणाला.

"नानाले मी बलावाले उनूच नई," अक्का म्हणाली. "मना घरमा नानानं काय काम?"

नाना गोंधळला.

"मी आमना ह्यासले बलावाले उनी शे. एवढा उन्हमा गाडीमा कसाले बसनात तुमीन? ताट कवयनं वाढेल शे. चाला, जेवाले."

तिनं आजवर नानाला कधी 'तुम्ही' म्हटलं नव्हतं. नानानं मागच्या सीटकडे वळून पाहिलं. मागे फक्त जार होता.

"अन शपथ?" त्यानं हळूच विचारलं.

"शपथ नानानी. ह्यासनी कधी लिधी नव्हती."

नानानं माझ्याकडे पाहिलं. मी बँकेत कायदा खात्यात होतो म्हणून असेल, पण त्या नजरेत रीतसर सल्ल्याची मागणी होती. मी विचार करून सांगितलं, की मुद्दा बरोबर आहे. पाटावर बसणारा पितर असतो. नानानं नानापुरती घेतलेली शपथ त्याला लागू होत नाही. नाना दार उघडून उतरला आणि रस्ता ओलांडून फाटकातून आत गेला. त्याच्या मागे अक्का आणि सगळ्यात मागे एका चपलेवर मी.

एकदा दाजी झाल्यावर मात्र त्यानं काही कमी केलं नाही. पाटावर बसताच त्यानं पंखा मोठा करायला सांगितला. पहिला तांब्या एका दमात संपवला, दुसराही. मग मांड्यांना हात घातला. पितराच्या ताटातलं मोजायचं नसतं, म्हणून मी मोजलं नाही, पण मनीषा दोनदा उठून चुलीवर गेली. नाना डोळे मिटून जेवत होता. सगळे उभे राहून बघत होते. पितराला विचारायची रीत आहे म्हणून अक्कानं विचारलं, "पोट भरनं का?"

नानानं रसाची वाटी खाली ठेवली.

"तो नाना लय मूरख मानूस हाये," तो म्हणाला. दाजींच्या तोंडी जळगावची बोली पहिल्यांदाच आली होती, पण कुणी हसलं नाही. "एका वांग्यापायी उठून गेला. भरल्या ताटावरून."

"तुमीन बी काही कमी नव्हतात," अक्का म्हणाली. तिचा आवाज चढला. गेल्या वर्षभरात तिचा चढलेला आवाज ऐकला नव्हता, असं योगेश मला नंतर म्हणाला. "गॅसवर कोन भाजस वांगा? आन मंग एक हाक मारी लेतात तं काय जीभ झडती?"

नाना खाली मान घालून बसला होता.

"मारायची व्हती हाक," तो म्हणाला. "रोज मनात येत व्हतं. उद्या मारू म्हने. उद्या, उद्या, अन मंग राहूनच गेलं."

हे दाजी बोलत होते की नाना, ते आमच्यापैकी कुणीच विचारलं नाही. अक्कानं पदर तोंडाला लावला. मी चष्मा पुसायला खिडकीपाशी गेलो. नानानं ताटात उरलेला शेवटचा तुकडा उचलून खाल्ला, ताट निपटून स्वच्छ केलं आणि म्हणाला, "भरलं पोट."

योगेशनं त्याला टिळा लावला, टॉवेल-टोपी दिली. नाना पाटावरून उठला आणि पुन्हा नाना झाला. हात धुवायला अंगणात गेला तो चुलीपाशीच थांबला. मी मागोमाग गेलो. चुलीत कापसाच्या काड्या जळत होत्या. देवपुरात, भर शहरात, काड्या.

"अक्का, ह्या कुठून आनल्या?"

"तूच आनेल व्हत्यात," अक्का दारातून म्हणाली. आता ती त्याला पुन्हा 'तू' म्हणत होती. "ह्यासनी भारा गच्चीवर ठेवेल व्हता. कोनले हात लावू दिधा नई. म्हनेत, नाना येई तवय त्याना पुढे वांगा भाजसूत. निम्म्या उधई खाई गई, बाकीन्या आज बाळ्यात."

नाना त्या चुलीसमोर, त्या उन्हात, मटकन खाली बसला. टोपी काढली आणि नव्या टॉवेलनं बराच वेळ तोंड पुसत राहिला. अक्का आत गेली आणि घागरीतलं पाणी घेऊन आली. दाजी जेवून गेले होते. हा तांब्या नानासाठी होता, हे अंगणातल्या प्रत्येकाला कळत होतं.

त्यानं तांब्या घेतला, वर करून सगळं पाणी प्यायला आणि रिकामा तांब्या तिच्या हातात दिला.

"गार हाये," तो म्हणाला.

मग आमची पंगत बसली. नाना आमच्याबरोबर जेवायला नव्हता, त्याच्यात जागाच उरली नव्हती. पण तो समोर भिंतीला टेकून बसला आणि अक्का शेजारी. दोघं कितीतरी वर्षांचं साचलेलं बोलत होते: कुणाच्या मुलीचं कुठे जमलं, गावातली विहीर कशी आटली, दाजी कॉलेजात असताना नानाचे शर्ट कसे न विचारता घालायचे. अक्कानं स्वतःच्या ताटात दुसरा मांडा घेतला. मनीषानं ते पाहिलं आणि माझ्याकडे बघून समाधानानं डोळे मिटले.

मी अर्धा मांडा संपवून हात धुवायला उठणार, तेवढ्यात नाना म्हणाला, "अक्का, एक सांग. मी मेल्यावर माह्या पाटावर कोन बसंल? पोरगं भाऊबंदातला कोनी शुगरवाला आनून बसवंल."

सगळे हसले. पण नाना खरंच विचार करत होता, ते मला दिसलं. मी म्हटलं, "मी बसेन की."

नानानं माझ्या ताटाकडे पाहिलं. अर्धा मांडा, बोटभर रस, एक भजं, तेही कुरतडलेलं.

"तू?" तो म्हणाला. "भो, वर्षातून एकदा जेवायचं ते अर्धा मांडा?"

 अक्कानं टोपल्यातला अख्खा मांडा उचलून माझ्या ताटात टाकला, वर तुपाची धार धरली आणि रसाची वाटी काठोकाठ भरली.

"खाय गुपचूप," ती म्हणाली. "नानाले उपाशी ठेवशी का?"

मी पुन्हा मांडी घालून नीट बसलो आणि नानाच्या देखत तो सगळा मांडा खाल्ला.